चहा येईपर्यंत

“त्याले फोन जरा खाली धरायले सांगा ना पुंजाजीभाऊ, नुसतं कपाळच दिसून राह्यलं,” रंगराव म्हणाले.

पुंजाजींनी फोनमध्ये तोंड घालून लेकाला ओरडून सांगितलं. तिकडे ज्ञानेश्वरने फोन कशाला तरी टेकवला आणि त्याचा अख्खा चेहरा दिसू लागला. डोणगावच्या त्या बैठकीत सगळे पुढे सरकले. कोकिळाबाई तेवढ्या जागेवरच राहिल्या. लेकाचा चेहरा त्यांना लांबूनही नीट दिसत होता, आणि जे दिसत होतं ते त्यांना मुळीच आवडलं नव्हतं. गाल आत गेले होते आणि डोळ्यांखाली काजळ फासल्यासारखं काळं झालं होतं.

पाहण्याचा कार्यक्रम फोनवर उरकायची वेळ त्यांच्या घरात पहिल्यांदाच आली होती. ज्ञानेश्वर मालवाहू जहाजावर खलाशी. करार संपला, दिवाळीला येतो म्हणाला, पण त्याच्या जागी यायचा माणूस आलाच नाही, आणि बदली माणूस आल्याशिवाय जहाज कोणाला सोडत नाही. मुलगा समोर पाहिल्याशिवाय कसं ठरवायचं, म्हणून आधीची स्थळं परत गेली होती. मुलीचे वडील रंगराव मात्र समजदार निघाले. म्हणाले, फोनवर पाहू, बोलू, तो आला की सुपारी फोडू. जहाज आज कुठल्याशा बंदराला लागलं होतं, तिथे फोनला रेंज होती, म्हणून आजचाच दिवस धरला. चिखलीहून जीपने येताना साडी, नारळ आणि पेढ्यांच्या पुड्याची पिशवी कोकिळाबाईंनी वाटभर मांडीवर जपून धरली होती. आतून त्यांनी हे लग्न ठरवूनच टाकलं होतं. लग्न झालं तर पोरगा पुन्हा पाण्यावर जायचा नाही, अशी त्यांची भाबडी आशा होती.

मुलीचे मामा इंद्रभान, पायावर पाय टाकून बसलेले. असल्या बैठकीत एक तरी असा मामा असतोच.

“नेव्ही म्हंजे बंदूक-गिंदूक भेटत असन ना?” त्यांनी विचारलं.

“नाही मामा, मालाचं जहाज हाये. दोर बांधनं, रंगकाम, माल चढवनं-उतरवनं, अन् पहारा.”

“काम लय असते का?” रंगरावांनी विचारलं.

“असते,” ज्ञानेश्वर म्हणाला. मग हसला. “बंदरात जरा जास्त असते.”

ते ‘जरा’ म्हणजे किती, हे त्या खोलीत फक्त कोकिळाबाईंना ठाऊक होतं. बाबाले सांगू नोको, असं बजावून त्याने मागे एकदा सगळं सांगितलं होतं.

“प्रतीक्षा, ये वं बाई,” रंगरावांनी आत हाक दिली.

प्रतीक्षा चहाचा ट्रे घेऊन आली. गावातल्या बालवाडीवर शिकवणारी मुलगी, सावळी, शांत. तिने सगळ्यांना कप दिले, कोकिळाबाईंच्या पाया पडली आणि समोरच्या खुर्चीवर टेकली. कोकिळाबाईंना ती बघताक्षणी आवडली.

“पाहा ज्ञानेश्वरराव, हे आमची प्रतीक्षा,” रंगराव म्हणाले.

फोनमधून आवाज आला नाही. ज्ञानेश्वरची हनुवटी छातीवर टेकली होती. तोंड थोडं उघडं होतं.

“रेंज गेली असन,” पुंजाजी घाईने म्हणाले.

पण रेंज गेली नव्हती. त्याच्या मागे खुंटीवरचा सदरा पंख्याच्या वाऱ्याने हलत होता, आणि घोरण्याचा बारीक आवाज खोलीभर ऐकू येत होता.

“कायची रेंज!” इंद्रभान म्हणाले. “पोरगी समोर येऊन बसली, अन् हा झोपून राह्यला! काहो, पेते का तो? दिवसाच घेऊन बसला काय?”

पुंजाजींचा चेहरा उतरला. त्यांनी फोन उचलला आणि जोरात हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात, आल्यापासून चार शब्दही न बोललेल्या कोकिळाबाई उठल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि पदराखाली छातीशी धरला.

“ओरडू नका. झोपू द्या त्याले.”

“अवं, लोकं बसले हायेत! एक हाक मारली का उठीन तो.”

“उठीनच तो. म्हणूनच नका मारू.”

एका हाकेचं काम होतं. तो दचकून उठला असता, डोळे चोळून हसला असता, मुलीशी दोन शब्द बोलला असता आणि पिशवीतला पुडा उघडला गेला असता. कोकिळाबाईंना ते सगळं हवं होतं, फार हवं होतं. पण थोड्या वेळाने त्याला पुन्हा त्या दोरापाशी उभं राहायचं होतं, हेही त्यांना माहीत होतं.

“बाई, खरं काय ते सांगा,” इंद्रभान म्हणाले. “पेते ना?”

तेव्हा कोकिळाबाई बोलल्या. “नाही पेत. झोप नाही भेटत त्याले. ड्युटी संपली का दुसरं काम, ते संपलं का पुन्हा ड्युटी. त्याच्यासंग प्रेम नावाचा पोरगा होता. जहाज बांधायचा दोर आवळता आवळता त्याचा उभ्या उभ्या डोळा लागला, अन् हात दोरात गेला. ज्ञानानंच वढून काढलं त्याले. पोराचा पंजा गेला. आता त्याचं कामबी हाच करून राह्यला. मले म्हणे, आई, माहाबी डोळा लागते उभ्या उभ्या.”

पुंजाजीही हे पहिल्यांदाच ऐकत होते.

बोलता बोलताच कोकिळाबाईंना कळलं होतं, की आपण आपल्या हाताने हे स्थळ मोडतो आहोत. दारूचा संशय निघून गेला, पण त्याच्या जागी जे ठेवलं त्यावर कोणता बाप मुलगी देईल?

रंगरावांनी कप खाली ठेवला. “तुमी खरं बोलल्या बाई. पण मले एकच पोरगी हाये.”

“हाव भाऊ,” कोकिळाबाई म्हणाल्या. “मीबी नसती देली.”

इंद्रभान मामांनी पायावरचा पाय खाली घेतला. प्रतीक्षा उठली. कप एकावर एक न रचता ती ते एकेक करून आत नेऊ लागली, वाजू नयेत म्हणून. कोकिळाबाईंनी ते पाहिलं आणि तिथे मात्र त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

परतीच्या जीपमध्ये फोन चालूच होता. ऊन लागू नये तसा त्यांनी त्याच्यावर पदर धरला होता. ड्रायव्हरने गाणं मोठं लावलं.

“दादा, गानं बंद करता का जरा? पोरगा झोपला हाये.”

ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं. लेकरू कुठे दिसेना, पण त्याने गाणं बंद केलं.

मेहकरच्या अलीकडे फोनमध्ये दार वाजलं. कोणीतरी आत येऊन ज्ञानेश्वरचा खांदा हलवला. तो उठला आणि मिटल्या डोळ्यांनीच बूट चाचपू लागला. मग त्याचं फोनकडे लक्ष गेलं.

“आई? सुरूच हाये का अजून? माहा डोळा लागला होता का वं?”

“नाही बापू. पापनी लवली फक्त.”

“अन् पोरगी?”

“येऊन राह्यली. चहा ठेवला हाये म्हने.”

“मले जा लागते आई. काय म्हनतेत ते लोकं?”

“चांगला पोरगा हाये म्हने. तू पह्यले तोंडावर पानी मार. अन् दोराजवळ जपून.”

“हाव,” तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

पुंजाजींनी बायकोच्या मांडीवरची पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली.

“उठला का मावशी पोरगा?” ड्रायव्हरने विचारलं. “लावू का गानं?”

“राहू द्या,” पुंजाजी म्हणाले.