टेलिफोनबाईंचा रिपोर्ट

एक्स्चेंज बंद होऊन जमाना लोटला, तरी गावात बाईंना सगळे टेलिफोनबाईच म्हणत. आणि का म्हणू नयेत? ज्या काळात परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावावा लागे, त्या काळात अख्ख्या गावाचं बोलणं या बाईंच्या बोटांखालून जात असे. समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्यांच्या पिना, कानावर हेडफोन. इकडची पिन तिकडे खोचली की दोन माणसं जोडली जात.

लोकांचं बोलणं ऐकायचं नाही, असा कडक नियम होता. पण लाईन चालू आहे की मेली, हे बघायला अधूनमधून कान लावावाच लागे, आणि कान काही पापण्यांसारखे मिटता येत नाहीत. त्यात गावच्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा रोज दुपारी मोठ्या शहरातल्या लॅबला कॉल असायचा. कुणाच्या रक्ताचं काय निघालं, कुणाच्या गाठीचं काय, ते तिथला माणूस फोनवर वाचून दाखवी. म्हणजे ज्याचं दुखणं तो घरी निवांत पेपर वाचत बसलेला, आणि त्याचं नशीब आधी टेलिफोनबाईंना ठाऊक! पण बाईंनी कधी ताकास तूर लागू दिली नाही. बाजारात माणूस समोर आला तर "काय, बरं आहे ना?" एवढंच.

हळूहळू त्यांना एक विद्या येऊन बसली. शब्द ऐकायच्या आधीच बातमी कळायची. लॅबवाला घाईघाईत, जेवायला उठायचंय अशा आवाजात बोलायला लागला की समजावं, रिपोर्ट चांगला आहे. आणि त्याने आधी डॉक्टरांना "तब्येत कशी आहे, घरचे कसे आहेत" असं विचारलं, की समजावं, कुणाचं तरी घर बसलं. ही विद्या कधी चुकली नाही, आणि बाईंना तिचा भारी अभिमान होता.

आता त्याच बाईंच्या गळ्यात गाठ निघाली.

तपासण्या झाल्या. आठवड्याने रिपोर्ट घ्यायला लेक हॉस्पिटलात गेला, बाई बाहेर बाकावर बसून राहिल्या. लेक शाळेत मास्तर. दिवसभर पोरांच्या थापा पकडतो, पण स्वतःला एक थाप मारता येत नाही. तो डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आला, खाली बघत बाईंच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "आई, तुला इथे उकडत तर नाही ना?"

थंडीचे दिवस, अंगावर स्वेटर, आणि हा विचारतोय उकडतंय का!

"काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

"काही नाही गं. साधी गाठ आहे. ऑपरेशन करून टाकू, म्हणजे झालं."

शब्द साधे होते, पण आवाज? आवाज तळातून हलत होता. बाईंनी मनातल्या मनात हेडफोन काढून ठेवला. संपलं म्हणायचं आपलं.

घरी आल्यावर त्यांनी आवराआवर काढली. शिलाई मशीन सूनबाईच्या नावावर करून टाकलं. कपाट उपसलं, जुने फोटो तीन ढिगांत लावले. सूनबाई म्हणाली, "आई, एवढी काय घाई आहे? ऑपरेशन झाल्यावर करू की सावकाश." तर बाई फणकारल्या, "ऑपरेशन-बिपरेशन काही नाही. मला या वयात चिरफाड करून घ्यायची नाही. जे व्हायचं ते घरात होऊ दे."

घरात नुसता गोंधळ. लेक विनवण्या करी, रागावे. का करायचं ऑपरेशन, हे सांगायला जावं तर आजाराचं नाव घ्यावं लागणार, आणि ते घ्यायची त्याची छाती होत नव्हती. आणि बाईंना वाटे, मरायचंच आहे तर पोराच्या कष्टाची माती कशाला करा? सोमवारपर्यंत हॉस्पिटलला हो की नाही ते कळवायचं होतं. बाईंचं नाही ठरलं होतं.

एकट्या बसल्या की बाबा आठवायचे. वडिलांना त्या बाबाच म्हणत. त्यांच्याही पोटाचा रिपोर्ट असाच लॅबमधून आला होता, आणि तो कॉल जोडायला बोर्डावर खुद्द त्यांची पोरगीच बसलेली. त्या दिवशी लॅबवाल्याने डॉक्टरांच्या घरच्या सगळ्यांची चौकशी केली. मग तो म्हणाला, सगळीकडे पसरलंय. डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्याला काही सांगत नाही. बाईंनी पिन काढली, पुढचा नंबर जोडला, ड्युटी पुरी केली आणि घरी गेल्या.

बाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. "काय गं, आज डॉक्टरांचा फोन लागला का लॅबला?"

"नाही बाबा, लाईन खराब होती."

बाबा लेकीकडे बघून हसले. "बरीच खराब असेल मग," म्हणाले. त्यानंतर त्यांनी एकदाही विचारलं नाही. रोज संध्याकाळी गावातल्या इतरांची चौकशी करायचे, कुणाचा फोन आला, कुणाच्या पोराला नोकरी लागली. बाई सांगत राहायच्या, ते ऐकत राहायचे. किती गोड संध्याकाळी होत्या त्या! आणि त्या गोडव्याखाली दोघंही एकमेकांपासून किती लांब बसले होते, ते आठवलं की बाईंच्या काळजात अजून चर्र होई. जायच्या आधी त्यांना काय काय बोलायचं असेल, कोण जाणे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात खरं, पण ती मूठ घेऊनच माणूस निघून गेला.

रविवारी सकाळी बाई असाच फोटोंचा ढीग लावत होत्या, तेवढ्यात मोबाईल वाजला. हॉस्पिटलचा मेसेज. 'तुमचा रिपोर्ट समजून घेण्यासाठी इथे दाबा.'

झालं होतं असं, की पहिल्या दिवशी काउंटरवरच्या पोरीने "नंबर?" म्हणताच लेकाने तोंड उघडायच्या आत बाईंनी स्वतःचा नंबर घडाघडा सांगून टाकला होता. नंबर विचारला की सांगायचा, जन्माची सवय. लेकाच्या ते ध्यानातच राहिलं नाही.

बाईंनी चष्मा चढवला आणि दाबलं.

पडद्यावर गळ्याचं चित्र आलं. बोटाने फिरवलं की गळा फिरे, मागची बाजू दिसे. फुलपाखरासारखी एक ग्रंथी, आणि तिच्या एका पंखावर वाटाण्याएवढा लाल ठिपका. मग फोनमधून एक बाई बोलायला लागली. स्वच्छ मराठीत. "तुमच्या थायरॉइड ग्रंथीमध्ये कॅन्सरची एक लहान गाठ आहे."

इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडावर तो शब्द कुणी पहिल्यांदाच उच्चारला होता.

बाईंनी कान टवकारले. आता कुठे आवाज पडतो, कुठे अडखळतो! पण कसलं काय, यंत्राचा आवाज तो. "श्वाससुद्धा घेत नाही मेली," बाई पुटपुटल्या. त्या आवाजाला ना दया, ना घाई. त्यांची सगळी विद्या इथे ठार आंधळी. मग नाइलाजाने त्या आयुष्यात पहिल्यांदा नुसते शब्द ऐकायला लागल्या. गाठ लवकर सापडली आहे. मानेत दुसरीकडे पसरल्याचं दिसत नाही. या प्रकारचा कॅन्सर सावकाश वाढतो. ऑपरेशननंतर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात आणि पुढे अनेक वर्षं नेहमीसारखं आयुष्य जगतात.

बाईंनी ते पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. चौथ्यांदा ऐकताना त्यांच्या लक्षात आलं की आपण रडतोय.

ग्रंथीच्या मागून एक बारीक पिवळा धागा जात होता. त्यावर बोट ठेवलं तर आवाज म्हणाला, ही स्वरयंत्राची नस. खाली लिहिलं होतं, 'शंका असल्यास विचारा.' बाईंनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'माझा आवाज जाईल का?' दुपारी उत्तर आलं, खाली डॉक्टरीणबाईंचं नाव. 'ती नस आम्ही यंत्र लावून जपतो. तरी काही आठवडे आवाज बसू शकतो. थोड्या जणांचा कायमचा बदलतो. आधी सांगितलेलं बरं.'

आधी सांगितलेलं बरं. बाई त्या ओळीकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

संध्याकाळी त्यांनी लेकाला हाक मारली. "ये, बस इथे. मला कॅन्सर आहे."

लेक पांढराफटक पडला. "तुला... तुला कुणी सांगितलं?"

"हॉस्पिटलनं. तू सांगणार होतास थोडाच! आता हे ऐक, आणि मधे तोंड घालू नकोस."

त्याने ऐकलं. 'पसरल्याचं दिसत नाही' या वाक्याला त्याने एकदम मान वर केली. "असं म्हणाल्या होत्या त्या?"

"तू होतास ना खोलीत?"

"आई, त्यांनी तो पहिला शब्द उच्चारला आणि पुढचं मला काही ऐकूच आलं नाही गं. त्या बोलत होत्या, मी नुसता मान डोलवत होतो. मला वाटलं, तू आता..."

तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात उजेड पडला. पोराचा आवाज हलत होता तो रिपोर्टमुळे नव्हे, भीतीने. आणि त्या हलत्या आवाजावर विश्वास ठेवून त्या चांगल्या बरं होणाऱ्या दुखण्याने मरायला निघाल्या होत्या! अख्ख्या नोकरीत चुकली नव्हती ती विद्या चुकली होती, आणि तीही पोटच्या पोरावर.

"अरे वेड्या," त्या म्हणाल्या, "आपण दोघंही शुद्ध गाढव आहोत."

लेक रडता रडता हसला. मग त्याने फोन हातात घेऊन पिवळ्या धाग्यावर बोट ठेवलं. "आणि आवाज? तुझा आवाज गेला तर?"

"बदलेल कदाचित. बसका होईल. फोनवर तुम्ही ओळखणार नाही मला."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की! मी काय दगड आहे? पण काल वाटत होती ती अख्ख्या मरणाची होती रे. आजची नुसती आवाजाची आहे. एवढी पेलेल मला. उद्या त्यांना हो म्हणून कळव. नाहीतर थांब, मीच कळवते."

लेकाने मान हलवली. पण फोन काही त्याच्या हातातून सुटेना.

"आई," तो म्हणाला, "मला एकदा पहिल्यापासून ऐकू दे."