डोंगराआडची कोर

अशिराली मास्तरांनी तीस वर्षं किर्गिझस्तानातल्या अत-बाशी गावच्या शाळेत भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर मुलीने कोरियाहून पाठवलेल्या दुर्बिणीतून त्यांनी निम्म्या गावाला आभाळ दाखवलं. राहिली ती फक्त बायको. बुरुलकान दरवेळी म्हणायची, "भांडी पडलीत, उद्या बघते," आणि मास्तरही "बरं, उद्या" म्हणून मोकळे व्हायचे. तेवढ्यात काचबिंदूने तिचा उजवा डोळा खाल्ला. डावा सारखा दुखायचा, त्यात उजेड तेवढा कळायचा.

मंगळवारी बिश्केकला त्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. रविवारी जेवताना ती सहज बोलून गेली, "तो कड्यावाला शनी का कोण, एकदा बघून घ्यायला हवा होता."

 ताट सारून मास्तरांनी दुर्बीण वळवणारा रिमोटसारखा कंट्रोलर उचलला. छोट्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली. सोमवारची तारीख घातली. आधी महिना, मग दिवस, हे एकदा चुकून दुर्बीण जमिनीत डोकं खुपसून बसली होती. सोमवारी रात्री काय काय दिसेल, याची यादी त्यांनी कंट्रोलरकडून काढून घेतली. दहाला शनी, मग अभिजित तारा. चंद्राची कोर दोन पन्नासला उगवणार होती. बिश्केकला नेणारी गाडी पहाटे चारला यायची होती. सगळं बसत होतं.

सोमवारी आभाळ लख्ख होतं. मास्तरांनी बटण दाबलं, दुर्बीण गुरगुरत वळली आणि शनी बरोब्बर मधोमध आला. त्यांनी बायकोचं डोकं हलकेच धरून तिचा डावा डोळा भिंगाला लावला.

"दिसला?"

"काळोख दिसतोय. चिक्कार आहे."

"नीट बघ."

"अहो मास्तर, मी काय वर्गात आहे? दिसत नाही म्हटलं ना!"

मास्तरांनी स्वतः पाहिलं. शनी कड्यासकट ठणठणीत उभा होता. अभिजित लावला, तोही तिला दिसला नाही. "चंद्र दिसेल," ते म्हणाले. "चंद्र भक्कम असतो."

सून नुरझामल चहा देऊन गेली. दोघं अंगणात गोधडी पांघरून बसली. पावणेतीनला मास्तर उठले. तीन वाजले. साडेतीन वाजले. कंट्रोलर सांगत होता, चंद्र उगवलाय, आणि दुर्बीण पूर्वेच्या काळ्या डोंगरावर नाक रोखून उभी होती. कंट्रोलरच्या लेखी पृथ्वी गवताळ माळासारखी सपाट होती. डोंगराचा हिशेब त्यात नव्हताच, आणि आयुष्यभर मुलांना डोंगर शिकवणाऱ्या माणसालाही तो सुचला नव्हता.

"दुर्बीण वर टेकाडावर नेतो," ते म्हणाले.

"तीस किलोचं धूड कोण नेणार? आणि मला कोण नेणार?"

चारला मास्तरांचा जुना विद्यार्थी कुबात गाडी घेऊन आला. मास्तर खिडकीशी वाकले. "कुबात, वीस मिनिटं थांब."

"अगाय, दहाला नंबर आहे," कुबात म्हणाला. शाळेपासूनची 'अगाय', म्हणजे 'सर', म्हणायची सवय त्याची अजून सुटली नव्हती. "खिंडीत ट्रक अडकले तर ऑपरेशनच हुकेल."

मास्तरांनी मागचं दार उघडलं. बुरुलकान सुनेचा हात धरून आत बसली, सूनही तिच्या शेजारी बसली. "गोठ्यातल्या गायीला विसरू नका," एवढंच बुरुलकान म्हणाली.

गाडीचे दिवे वळणाआड गेले. पाच-सात मिनिटांत डोंगराची कड पांढरी झाली आणि पातळशी कोर वर आली. मास्तरांनी सुनेला फोन लावला. खिंडीत रेंज नव्हती. तरी ते पुन्हा पुन्हा लावत राहिले. दुर्बिणीला डोळा लावायचं त्यांच्याने झालं नाही.

पाचव्या दिवशी बुरुलकान पट्टी बांधून परतली. दुखणं थांबेल, नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. उशीला टेकत तिने विचारलं, "मग? आला होता का तुमचा चंद्र?"

"नाही," मास्तर म्हणाले. "ढग आले."

"चला, म्हणजे माझं काही हुकलं नाही."

नुरझामलने त्या पहाटे गाडीच्या खिडकीतून स्वच्छ आभाळातली कोर पाहिली होती.  ती किटली उचलून पाणी आणायला निघून गेली.