जळू सुटल्यानंतर

कागद कापायच्या यंत्रात तुटलेला ताईचा अंगठा डॉक्टरांनी काल जोडला होता. आज सकाळी तो जांभळा पडला.

"रक्त आत जातंय, बाहेर यायला वाट नाही," डॉक्टर म्हणाल्या. "शिरा चिरडल्यात. नव्या फुटेपर्यंत ते कुणीतरी ओढून घ्यायला हवं. नाहीतर अंगठा जाईल."

कुणीतरी म्हणजे जळू. परिचारिकेने बरणी आणली. जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, हे जीवशास्त्र शिकताना मी पाठ केलं होतं. तरी ते काळं, लांबणारं, आखडणारं शरीर पाहून मी एक पाऊल मागे सरले.

"हा तर आदिकाळातला उपाय," आई पुटपुटली. "तेव्हा माणसं जगायची तरी का?"

"काही जगली, म्हणून तर तू आहेस," ताई म्हणाली. चेहरा मात्र पांढराफटक. ती पुस्तकं शिवते. अंगठ्याशिवाय सुई कशी धरणार?

जळू चिकटली, फुगली. हळूहळू अंगठ्याची जांभळी छटा उतरली.

"काही जाणवतंय?" मी विचारलं.

"काहीच नाही. तुझ्या भावोजींपेक्षा बरी आहे गं. पोट भरलं की मुकाट सुटते."

खरंच, ती गळून पडली. परिचारिकेने ती उचलली, "आता वाहील, घाबरू नका," म्हणाली आणि दुसऱ्या रुग्णाकडे गेली.

वाहिलं. खालची कापसाची घडी भिजली, मग चादर. ताईचे ओठ सुकले. आईने रुमाल काढून अंगठ्याला घट्ट गुंडाळला. गाठ पक्की बसावी म्हणून मी तिच्यावर बोट ठेवलं. रक्त थांबलं. आम्ही दोघींनी श्वास सोडला.

मग मी रुमालाबाहेरचं नख पाहिलं. काळपट. दाबून सोडलं, तरी काळपटच. जळू गेली तरी तिचं काम चालू होतं, आणि आम्ही ते बांधून टाकलं होतं.

मी गाठ सोडायला लागले. आईने माझं मनगट धरलं.

"वेडी झालीस? सगळं रक्त जाईल तिचं!"

"आई, सोड. डॉक्टरांना हाक मार!"

डॉक्टर धावत आल्या. त्यांनी रुमाल सोडला आणि जळवेच्या चाव्यावरची गुठळी ओल्या कापसाने पुसली. थोडा वेळ काहीच आलं नाही. त्या थोड्या वेळात मी ताईकडे पाहू शकले नाही. मग एक गडद थेंब आला, त्यामागून दुसरा, आणि नखाखाली रंग परतला.

"जुने वैद्यही हे वाहू देत असत," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांच्याकडे ही सोय मात्र नव्हती." आणि त्यांनी ताईच्या दुसऱ्या हाताला रक्ताची पिशवी लावली. "उद्या पुन्हा जळू. पुन्हा हेच. बांधायचं नाही."

आई खुर्ची ओढून अंगठ्यासमोर बसली. रुमाल तिने मुठीत चुरगाळला होता.

"थांबलं का गं?" ती मला पुन्हा पुन्हा विचारत होती.

"नाही आई. वाहतंय."