रविवारी खिडकी बंद

आमच्या घरात चमच्यालासुद्धा आपण कामाचे आहोत हे सिद्ध करावं लागतं. माझी बायको ग्रंथपाल आहे एवढं सांगितल्यावर खरं म्हणजे पुढचं आपोआप कळायला हवं. पण लोकांना कळत नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

वाचनालयात दरवर्षी पुस्तकांची छाटणी होते. पुस्तकाच्या आत एक चिठ्ठी डकवलेली असते आणि पुस्तक कोणी नेलं की तिच्यावर तारखेचा शिक्का पडतो. बरीच वर्षं शिक्का नसलेलं पुस्तक फळीवरून उतरतं आणि ज्याला हवं त्याच्या घरी जातं. गेल्या वर्षी ही छाटणी उरकून बायको घरी आली, तिनं दार उघडलं आणि दारामागे रचलेली रिकामी खोकी तिच्या अंगावर कोसळली. ती मी ठेवली होती. खोकी कधीतरी लागतात.

तिनं खोकी एकेक करून मोजली. ती मोजायला लागली की मला घाम फुटतो. दुसऱ्या दिवशी तिनं वाचनालयातून बाद झालेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, एक जुना तारखेचा शिक्का आणि शाईची गादी आणून टेबलावर ठेवली आणि नियम सांगितले. घरातल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी. वस्तू वापरली की शिक्का. तीन महिन्यांत एकही शिक्का पडला नाही, तर ती ज्याला लागेल त्याला देऊन टाकायची. मुदतवाढ मिळेल, पण दोनदाच. नवीन काही हवं असेल तर आधी आहे ते दुरुस्त होतं का बघायचं, मग शेजारी मागून बघायचं, आणि तरीही हवंच असेल तर आठ दिवस थांबायचं. आठ दिवसांनी बहुतेक वेळा ते नको असतं, हे मला मान्य करावं लागतं. मान्य केलं म्हणजे आवडलं असं नाही.

चिठ्ठ्या डकवायचं काम आमच्या मुलीनं अंगावर घेतलं. ती आठ वर्षांची आहे. लहानपणी मिळेल ते गालात साठवून ठेवायची म्हणून आम्ही तिला खारूताई म्हणतो. दोन दिवसांत तिनं झारे, उश्या, बादल्या, माझा दाढीचा ब्रश, सगळ्यांना चिठ्ठ्या लावल्या. पाहुणे आले की कपाखाली लोंबणारी चिठ्ठी बघून ते चहा अर्धा सोडून उठायचे. त्यामुळे चहासुद्धा कमी लागायला लागला.

शिक्क्याचं काम मात्र सासऱ्यांकडे गेलं, आणि तिथं माझं नशीब फुटलं.

सासरे तीन वर्षांपासून आमच्याकडे राहतात, म्हणजे सासूबाई गेल्यापासून. त्याआधी चाळीस वर्षं ते टपाल कचेरीत खिडकीमागे बसून शिक्के मारत होते. हातात शिक्का आल्याबरोबर त्यांची पाठ ताठ झाली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातलं छोटं टेबल त्यांनी ताब्यात घेतलं आणि त्याला खिडकी म्हणायला सुरुवात केली. खिडकीची वेळ सकाळी नऊ ते अकरा, दुपारी चार ते सहा. रविवारी बंद. वस्तू स्वतः घेऊन यायची आणि काय काम केलं ते सांगायचं. एकदा मी शिडीवर न चढता नुसती तिची जागा बदलली आणि शिक्का मागितला. ते म्हणाले, "जावईबापू, शिडी हलवली म्हणजे शिडी वापरली नाही."

शिडी गेली. आता ती वरच्या मजल्यावरच्या सुताराकडे असते आणि सगळी इमारत ती वापरते, मीसुद्धा. सहा झाऱ्यांपैकी पाच गेले, माझ्या अकरा पेचकसांपैकी सात गेले, खोकी तर पहिल्याच मुदतीला गेली. घरात वारा खेळायला लागला. बायको म्हणायची, "बघा, भिंत दिसायला लागली." भिंत दिसली म्हणून काय करायचं असतं, हे मला अजून समजलेलं नाही.

हे सगळं मी सोसलं. माझा जीव एकाच वस्तूत अडकला होता, आणि ती म्हणजे माझ्या वडिलांचं शिलाई मशीन.

माझं दुकान शिलाई मशीन दुरुस्त करण्याचं. वडिलांचंही तेच होतं. हे पायमशीन त्यांचं पहिलं. ह्याच्यावर त्यांनी मला सगळं शिकवलं, सुईचा दांडा कसा बसवायचा, चाक कुठे कुरकुरतं ते कानानं कसं ओळखायचं. त्यांच्या शेवटच्या वर्षात ते अडकलं आणि मग सुटलंच नाही. त्याचा एक भाग आता कुठेच मिळत नाही. म्हणजे गावातली मशीन चालू करणाऱ्या माणसाच्या घरात बंद मशीन, आणि ह्या गोष्टीवरून बायकोनं मला किती वेळा टोमणे मारले त्याला गणती नाही.

त्याच्या दोन्ही मुदतवाढी संपल्या होत्या. चिठ्ठी कोरी होती. सोमवारी सकाळी आठ वाजता शिवणवर्गाच्या बाई ते न्यायला येणार होत्या. त्यांना ते वर्गाच्या दारात शोभेला हवं होतं, वर फुलांची कुंडी ठेवायला. कुंडी. माझ्या वडिलांच्या मशीनवर.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. आठवडाभर मी त्याच्यावर चहाचा कप ठेवून चहा प्यालो. "टेबल म्हणून त्याची नोंद नाही," सासरे म्हणाले. मी त्याच्यावर बसून पेपर वाचला. "शिलाई मशीनवर बसणं हा त्याचा वापर नव्हे, छळ आहे." मी बायकोला गाठलं. ती म्हणाली, "अहो, मी माझी पुस्तकांची आठ कपाटं दिली. तुमच्यासाठी नियम वाकवला तर मी खारूताईला काय सांगू?" मी चिडलो.

मग मी हट्टाला पेटलो. शुक्रवार, शनिवार दुकान लवकर बंद करून मशीनशी झटलो. सांध्यासांध्यात रॉकेल सोडलं. न मिळणारा भाग एका जुन्या कुलपाच्या पट्टीतून कानशीनं घासून घडवला. रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला चाक हललं. मी रुमाल सुईखाली सरकवला, चाक हातानं फिरवलं आणि सात टाके पडले. आठव्याला दोरा तुटला, पण सात पडले. वाकडे होते. मला रडू येत होतं आणि मी ते आवरलं नाही, कारण खोलीत कोणी नव्हतं.

रुमाल आणि कोरी चिठ्ठी घेऊन मी धावत खिडकीपाशी गेलो. सासरे बुटांच्या नाड्या बांधत होते.

"बाबा, शिवलं. सात टाके. हे बघा."

त्यांनी रुमाल उजेडात धरून टाके मोजले. "सात आहेत," ते म्हणाले. "अभिनंदन."

"मग शिक्का मारा."

"आज रविवार. खिडकी बंद."

"बाई उद्या आठला येणार."

"खिडकी नऊला उघडते."

"मग उद्या आजच्या तारखेचा मारा आणि बाईंना तासभर बसवून ठेवू."

"मागच्या तारखेचा शिक्का मी आयुष्यात मारलेला नाही, जावईबापू." एवढं बोलून ते फिरायला निघून गेले.

माझं डोकं फिरलं. नंतर मी बायकोला सांगितलं की मी त्यांच्या खोलीत खिडकी लावायला गेलो होतो. ते खोटं होतं. मी शिक्का चोरायला गेलो होतो. सुट्टीच्या दिवशी शिक्का ते आपल्या खणात ठेवतात, हे मला माहीत होतं. खण उघडला. शिक्का होता, गादी होती, आणि मागच्या बाजूला चष्म्याचं एक जुनं घर होतं. त्याला चिठ्ठी होती. एक नाही, एकाखाली एक अशा चिकटवलेल्या दहा-बारा चिठ्ठ्या, पेटीच्या भात्यासारख्या घडी घातलेल्या. मी घडी उलगडली. रोजचा शिक्का. एकही दिवस चुकलेला नाही. गेल्या रविवारचाही शिक्का होता, त्याच्या आधीच्या रविवारचाही, आणि आज सकाळचाही, शाई अजून ताजी.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. ज्या माणसानं मला शिडीवरून, कपावरून, सात टाक्यांवरून कायदा शिकवला, तोच दर रविवारी खणात खिडकी उघडून बसला होता. मी ती चिठ्ठ्यांची माळ टेबलावर पसरली, बायकोला आणि खारूताईला बोलावलं आणि सासरे येईपर्यंत हाताची घडी घालून उभा राहिलो.

ते आले. टेबलाकडे बघितलं आणि बूट न काढता खुर्चीवर बसले.

"बाबा," मी म्हणालो, "रविवारी खिडकी बंद असते ना?"

बायकोनं चष्म्याचं घर उचलून उघडलं आणि ती तशीच उभी राहिली. आत सासूबाईंचा चष्मा होता, एका काडीला दोरा गुंडाळलेला.

"हा मी दिला होता," ती म्हणाली. "आईचं सगळं मी एका दिवसात दिलं होतं."

"पिशवीतून मी काढून घेतला," सासरे म्हणाले.

"आजोबा तो रोज सकाळी पुसतात," खारूताई म्हणाली. "मला माहीत होतं. मीच चिठ्ठ्या जोडून दिल्या."

सासरे माझ्याकडे बघून बोलले, माझ्या बायकोकडे नाही. "पुसणं म्हणजे वापर की नाही, हे मला ठरवता येईना. नियमात बसत नसेल असं वाटायचं. म्हणून रोज मारला. रविवारी काही ती कमी आठवत नाही." मग त्यांनी खोलीतून शिक्का आणून टेबलावर माझ्यासमोर सरकवला. "मी खोटे शिक्के मारलेत. आता हा तुम्ही सांभाळा."

थोड्या वेळापूर्वी ह्याच शिक्क्यासाठी मी खण फोडायलाही मागेपुढे पाहिलं नसतं. आता त्याला हात लावायची माझी हिंमत होईना. मला लाज वाटली, आणि इतकी वाटली की मी पाणी आणायला उठलो आणि पाणी न आणताच परत येऊन बसलो.

बायकोनं चष्मा घरात परत ठेवला. मग तिनं आपली पर्स आणली आणि आतून लाल चिठ्ठ्यांची एक पट्टी काढली. प्रत्येकीवर छापलेलं होतं : संदर्भासाठी. बाहेर देऊ नये.

"ह्या काय आहेत?" मी विचारलं.

"वाचनालयात काही पुस्तकांना असतात. ती कोणी घरी नेत नाही, वर्षानुवर्षं कोणी उघडतही नाही. पण छाटणीत त्यांना आम्ही हात लावत नाही." तिनं एक चिठ्ठी फाडून चष्म्याच्या घरावर दाबून बसवली. "ह्यांना शिक्का लागत नाही, बाबा. मला हे पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं."

"किती मिळणार?" हे मी विचारलं. मी आहेच तसा.

"माणशी एक," ती म्हणाली. तिच्यातला ग्रंथपाल तेवढ्यात परत आला होता.

माझी मी मशीनला लावली आणि वर्गाच्या बाईंना नम्रपणे नाही कळवलं. आणखी एक मागितली असती तर उरलेले चार पेचकसही धोक्यात आले असते, पण असो. बायकोनं आपली पर्समध्येच ठेवली, विचार करते म्हणाली. खारूताईनं तिची चिठ्ठी मुठीत धरली आणि कशाला लावणार ते सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी सासरे नेहमीप्रमाणे रिकाम्या बाटल्या घेऊन दूध आणायला गेले. पंधरा मिनिटांनी दार वाजलं. दारात दूधवाली होती आणि तिनं सासऱ्यांना दंडाला धरलं होतं.

"हे तुमच्याकडचेच ना?" ती म्हणाली. "एकटेच फिरत होते. बाहेर देऊ नये असं लिहिलंय, म्हणून म्हटलं स्वतः पोचवून येते."

सासरे तिला सांगत होते की बाई, मी चाळीस वर्षं लोकांच्या वस्तू पत्त्यावर पोचवल्या आहेत, मला माझा पत्ता माहीत आहे. मग ते वळले आणि त्यांच्या शर्टाच्या पाठीवर लाल चिठ्ठी दिसली. जरा खाली आणि तिरकी लावली होती, कारण खारूताईचा हात तिथपर्यंतच पोचतो.

बायको हसता हसता दाराला टेकली. मी चिठ्ठी हळूच सोडवून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, उलटी करून बघितली, परत वाचली.

"शर्ट धुवायला गेला की?" त्यांनी खारूताईला विचारलं.

"दुसऱ्याला लावायची," ती म्हणाली. "तुम्हाला लावलीय, शर्टाला नाही."

त्यांनी ती चिठ्ठी छातीवरच्या खिशाला लावून दाबून बसवली आणि टेबलाशी बसले. नऊ वाजले. मी माझा तो सात टाक्यांचा रुमाल घेऊन रांगेत उभा होतो, म्हटलं आता निदान रुमालाला तरी शिक्का मिळेल. सासऱ्यांनी शाईच्या गादीचं झाकण बंद केलं, खारूताईला शेजारी बसवलं आणि मला म्हणाले, "उद्या या, जावईबापू. आज मला शिक्का लागत नाही." त्या सोमवारी खिडकी उघडलीच नाही.