रविवारचं पाणी

आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, रविवार इतका प्यारा होता की शनिवार दुपारपासूनच ते अंगात आल्यासारखे वागायचे. सदऱ्याला नीळ, सायकलीला तेल, आम्हा सगळ्यांना दम. पणदऱ्यात ख्रिस्ती घर आमचं एकट्याचं. चर्च बारामतीला. तिथं दादा पेटी वाजवायचे आणि गायचे, आणि गळा असा की गावात टिंगल करणारेही त्यांची सायकल जाताना बोलणं थांबवायचे. रविवारी मात्र शेतात पाऊल टाकायचं नाही, औताला हात लावायचा नाही. आभाळ कोसळलं तरी नाही.

आभाळ काही कोसळलं नाही, पाणी मात्र यायचं. कॅनॉलचं पाणी आमच्या चारीला सुटलं की कुणी कधी घ्यायचं ते वारानं ठरलेलं. आमची पाळी रविवारी सकाळी. बांधाला बांध लागून असलेल्या तात्याबांची रविवारी दुपारी. पाळी हुकली की पुढची येईस्तोवर ऊस तहानलेला. दादांनी वार बदलून मागितला, पण सगळ्यांनी कानावर हात ठेवले. शेवटी तात्याबाच म्हणाले, “तुमी जावा शांतवनराव. मला दुपारी दारं धरायचंच हाय, ते सकाळपास्नं धरतो. देवाचा वार कशाला मोडता?”

दारं धरायचं म्हणजे फावडं घेऊन पाण्यामागं फिरायचं. एक सरी भरली की तिचं तोंड मातीनं बुजवायचं, पुढच्या सरीचं फोडायचं. तात्याबांचे आजे-पणजे मेंढरांमागं चालले, हे पाण्यामागं चालायचे. दहा वर्षं चालले. दादा त्यांना नाताळला करंज्या द्यायचे आणि चर्चमध्ये उभं राहून साक्ष द्यायचे, “प्रभूनं माझा शब्बाथ, माझा विसाव्याचा वार राखला.” प्रभूनं कसला, तात्याबांनी राखला! पण हे तेव्हा मला कुठं सुचलं? मीही सगळ्यांबरोबर ‘आमेन’ म्हणत होते.

त्र्याण्णव सालचा, नाताळच्या आधीचा रविवार. उपासना लांबली होती. आई एसटीनं मागून येणार होती. दादांच्या सायकलीवर मागं बसून मी परतले, तेव्हा दोन वाजून गेले होते. रानाजवळ आलो तर पाणी थेट रस्त्यावर आलेलं. दादा सायकलीवरूनच ओरडले, “तात्याबा! झोपला का काय? सगळं पाणी वाया घालवलं की!”

तात्याबा बांधाला टेकून बसले होते. डोक्याचा पटका पोटरीला आवळून बांधलेला, आणि त्याखाली पाय सुजून काळानिळा. उसात घोणस चावली होती. त्यांची बायको सिंधुबाई लेकीकडं माळेगावला गेलेली, आसपासच्या रानात चिटपाखरू नाही. त्यांनी हाका मारल्या असतील. आम्ही तेव्हा बारामतीत गात होतो.

दादांकडं बघून ते म्हणाले, “पाच सऱ्या राहिल्या.”

गावातल्या बिरदेवच्या ट्रॅक्टरवर घालून त्यांना दवाखान्याकडं नेलं. बारामती यायच्या आधीच ते गेले. त्यांचं डोकं दादांच्या मांडीवर होतं, आणि दादांच्या अंगात तोच निळीचा सदरा होता.

तिसऱ्या दिवशी दादा त्यांच्या दारात गेले. सिंधुबाई रडत नव्हत्या. म्हणाल्या, “तुमच्या देवाला सुट्टी लागती भावजी. माझ्या माणसाला कधी दिली का वो तुमी?” आणि आत निघून गेल्या. त्यानंतर त्या दादांशी बोलल्या नाहीत.

दादांनी चर्च सोडलं. नाताळलासुद्धा गेले नाहीत. पाणी आलं की रविवारी सकाळी आपल्या उसाला आणि दुपारी सिंधुबाईंच्या उसाला तेच दारं धरायचे. इतर दिवशी त्यांच्या गाईला वैरण कापायचे, पेंढी बांधावर ठेवून लांब व्हायचे. सिंधुबाई येऊन पेंढी उचलायच्या आणि मान वर न करता जायच्या. गावानं आधी टिंगल केली, मग तीही सोडून दिली. चर्चचे पाळकसाहेब एकदा मुद्दाम बारामतीहून आले. “शांतवनराव, पेटीवर धूळ बसली,” म्हणाले. दादा म्हणाले, “वैनींचा ऊस भिजवतो आन् येतो.” पाळकसाहेब चहा पिऊन गेले. दादा काही गेले नाहीत.

मला राग यायचा. सिंधुबाईंचा यायचा, त्याहून जास्त दादांचा. आई तर एकदा भांडीच आपटायला लागली. “भरपाई करताय व्हय? मेलेलं माणूस असं भरून निघतं का?”

“न्हाय निघत,” दादा म्हणाले. “तिनं एक शब्द बोलावा, एवढंच. शिवी दिली तरी चालंल.”

अशी दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत दादा घरात कधी गुणगुणलेसुद्धा नाहीत. मला वाटायचं, ओरडून सांगावं त्या बाईला, अगं, एक शिवी दे आणि सोड माझ्या बापाला.

शहाण्णवच्या जानेवारीत एका रविवारी मी दादांची भाकरी घेऊन रानात गेले. ते सिंधुबाईंच्या उसाला पाणी देत होते. मी फडकं सोडत होते, तेवढ्यात सिंधुबाई बांधावरून येताना दिसल्या. नेहमीसारख्या पेंढीपाशी थांबल्या नाहीत. सरळ आमच्यापर्यंत आल्या. दादांनी फावडं टेकवलं आणि मान खाली घातली.

“भावजी, आताशा तुमचा गळा ऐकू येत न्हाय,” त्या म्हणाल्या.

दादा म्हणाले, “गात न्हाय मी, वैनी.”

“गात जावा. ह्यांना लई आवडायचं. रविवारी तुमी सायकलीवरनं गात गेला की हे फावडं घिऊन उभंच ऱ्हायाचं, तुमी दिसंनासं हुईपतुर. मला म्हणायचं, एकदा जाऊन बसायचंय त्यांच्या चर्चात, मागं कुठंतरी. म्या म्हणलं, मग जावा की, कुणी धरलंय? तर म्हणायचं, मी गेलो तर त्यांचं दारं कोन धरंल?”

हे त्यांनी टोचून सांगितलं नव्हतं. उलट त्यांचा आवाज दोन वर्षांत पहिल्यांदाच मऊ होता. “झालं गेलं. पानी झालं की च्या प्यायला या,” म्हणाल्या आणि पेंढी काखेत मारून गेल्या.

मला आनंद झाला. दादांना हवा होता तो शब्द मिळाला होता, शब्द कसला, चहाचं बोलावणंच मिळालं होतं. मी हसून वळले, तर दादा ओल्या सरीत खाली बसलेले. पाणी त्यांच्या धोतरावरून वाहत होतं आणि त्यांना त्याची शुद्ध नव्हती.

“दादा, अहो, बोलल्या की त्या!”

“बारामतीच्या बाजारात उन्हातान्हात उभा ऱ्हाऊन मी शुभवर्तमानाची पुस्तकं वाटली,” ते म्हणाले. “गावातलं एक तरी माणूस माझ्याबरोबर यावं म्हणून रोज गुडघे टेकले.”

“तुम्हाला काय माहीत, दादा, त्यांच्या मनात काय होतं ते?”

“माहीत हुतं.”

हातातलं फडकं मी बांधावर ठेवलं.

“एकदा त्यानंच विचारलं हुतं, एस्तर. हितंच, ह्याच बांधावर. ‘लई गर्दी असती का वो तितं?’ म्हणला. मला कळलं, तो का विचारतोय ते. आन् तो आला तर त्या दिवशी मला मागं ऱ्हावं लागंल, हेही कळलं.” दादा माझ्याकडं बघत नव्हते. “मी म्हणलो, असती.”

आमच्या चर्चमध्ये मागचे चार बाक कायम रिकामे असायचे.