एका ‘नको’वर उठलेली डॉक्टरीण

शहात्तर साली सांगलीच्या तुरुंगात, आम्हा बायकांच्या बराकीत एक डॉक्टरीण आली आणि म्हणाली, "तुमची हरकत नसेल तर..."

तिथंच घोटाळा झाला. आमची हरकत आजवर कुणी विचारली नव्हती.

विजयमाला तिचं नाव. "जिल्ह्यात गावोगाव छातीचा रोग तपासला," ती म्हणाली. "तुरुंग तेवढा राहिला. तुम्हाला वगळून रोग कसा कळायचा? सकाळचा बेडका हवा, थोडं रक्त हवं. नको असेल तर नको म्हणा."

"लय ग्वाड बोलतीया," राहीबाई पुटपुटली. ती आमच्यात सगळ्यात जुनी. "आपरेशनवालीच हाय. बाहीर बाप्यांना नसबंदीला धरून नेत्यात, आता आपली पाळी."

हरणाबाई भिंतीकडं सरकली. मेंढरं उसात शिरली त्या मारामारीत ती आत आलेली. लग्नाला चार वर्षं झाली, अजून पोर नाही. खोकून खोकून मात्र वाळलेली.

"आमाला न्हाई द्याचं," ती म्हणाली.

"बरं," म्हणून डॉक्टरीण पुढच्या बाईकडं वळली.

हरणाबाई बघतच राहिली. आमच्याकडं पहिलं नको रीतीचं असतं. चहालासुद्धा माणूस दोनदा नको म्हणतं, मग कप घेतं.

"आवं, पाव्हणीला तरी दोनदा इचारत्यात," राहीबाई फणकारली.

"पाहुणी उठून जाऊ शकते," डॉक्टरीण म्हणाली. "तुम्हाला जाता येत नाही. परत विचारलं तर ती जबरदस्ती होईल."

सगळ्याच नको म्हणाल्या. ती पिशवी आवरू लागली.

"माज्या दिराला आपरेशनवाल्यांनी लय गळ घातली," हरणाबाई हळूच म्हणाली. "आधी तुपाचा डबा देतो म्हनले, मग रेशन तोडतो म्हनले. ही कायच म्हनत न्हाई."

"मग लयच पोचलेली हाय," राहीबाई म्हणाली.

डॉक्टरीण दारापर्यंत गेली तशी हरणाबाई उठली. "आवं, थांबा. बेडका देते. सुई न्हाई लावायची."

"चालेल."

"रोग निघाला तर औषिद?"

"मिळेल. रक्त दिलं नाही तरी मिळेल."

"आन पोर हुईल न्हवं?"

"ते मी कसं सांगू? पण बेडक्यानं त्याला काही होत नाही."

होईल म्हणाली असती, तर हरणाबाई परत बसली असती.

सकाळी ती डॉक्टरणीनं दिलेल्या डबीत खोकली. डबी पहारेकरणीकडं दिली नाही, डॉक्टरीण येईपर्यंत धरून बसली. "झाकण माज्यासमूर लावा."

डॉक्टरणीनं लावलं. हरणाबाईनं ते परत काढून आत बघितलं, स्वतःच्या हातानं घट्ट बसवलं, आणि मग दिलं.