हा प्रकार कळवला जाईल

“सर, ते कळवतात म्हणे. पण नेमकं कुणाला कळवतात?”

हा प्रश्न विचारायची पैज माझ्या दोन मैत्रिणींनी लावली होती. एकीला आम्ही बॅटरी म्हणतो, कारण तिच्या चष्म्याच्या काचा बघूनच आपले डोळे दुखतात. दुसरी उंट, कारण ती तशीच आहे. भरवर्गात, सरांच्या डोळ्यांत बघून विचारलं तर आठवडाभर माझं दप्तर तिसऱ्या मजल्यापर्यंत उंट वाहणार, अशी अट होती. मागच्या वर्षीची मी असते तर बाकाखाली शिरले असते. यंदा मला कंठ फुटलाय. मी विचारलं.

लॅबवाल्या सरांनी बोट वर केलं आणि म्हणाले, “वरती.”

वरती चित्रकलेचा वर्ग आहे.

अख्खा वर्ग खिदळला, त्यात मीही. तिथेच माझं चुकलं. सरांचे कान लाल झाले आणि पाचव्या मिनिटाला मी मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या दारात उभी होते.

आता प्रकरण काय ते सांगते. आमच्या लॅबमध्ये बावीस कॉम्प्युटर आहेत, सगळे म्हातारे. सगळ्यांवर लिनक्स ही फुकटात मिळणारी सिस्टीम आहे, कारण दुसरं काही त्यांच्या अंगी लागतच नाही. कोपऱ्यात तेविसावा, तो सर्व्हर. आम्ही कुठल्याही मशीनवर बसलो तरी फाइल्स त्याच्याच डिस्कवर जाऊन बसतात. आज्ञा टाइप करायचा त्यांचा काळा पडदा मला फार आवडतो. अर्धं नाव लिहून टॅब दाबलं की उरलेलं तो स्वतः लिहितो. वरचा बाण दाबला की मघाची आज्ञा परत हजर. ह्या दोन युक्त्या मी सगळ्या वर्गाला शिकवल्यात, आणि ज्यांना शिकवल्या त्यांतले निम्मे आता मला हॅकर म्हणून चिडवतायत. उपकाराची जाण नावाची गोष्टच नाही.

मंगळवारी सगळ्यांनी प्रकल्प सेव्ह केले. बुधवारी उघडले तर कोरे. एकसष्ट फाइल्स, नावं जागच्या जागी, आत एक अक्षर नाही. माझी पाणी शुद्ध करण्यावरची अठ्ठावीस पानंही गेली. बाकीचे रडारड करत होते तेव्हा मी df -h लिहिलं. डिस्क किती भरली हे सांगणारी ही साधी आज्ञा. कुणीही द्यावी, कशालाही धक्का लागत नाही. उत्तर आलं, शंभर टक्के. म्हणजे फाइलचं नाव टाकायला जागा होती, मजकूर ठेवायला नव्हती. एवढी जागा कुठल्या फोल्डरने गिळली ते बघावं म्हणून मी पुढची आज्ञा sudo लावून दिली. सुडो म्हणजे, हे काम मालकाच्या अधिकाराने कर. मी मालक नाही. तेव्हा मशीनने इंग्रजीत सुनावलं, की ह्या मुलीचं नाव यादीत नाही, हा प्रकार कळवला जाईल.

बस, एवढंच. दार बंद होतं, मी कडी वाजवली, दार उघडलं नाही. पण त्याच क्षणी माझ्या खुर्चीमागे सर उभे होते. त्यांनी ते वाक्य वाचलं, कोऱ्या फाइल्स बघितल्या आणि दोन अधिक दोन बावीस करून टाकले.

गुरुवारी, वर्गातल्या त्या प्रश्नानंतर, मोठ्या बाईंनी माझ्यासमोर एक पत्र सरकवलं. छापलेलं, शिक्का मारलेलं, फक्त सह्या बाकी. ‘माझ्या बेजबाबदार वापरामुळे वर्गाच्या फाइल्स नष्ट झाल्या, याबद्दल मी क्षमा मागते.’ खाली एक रेघ माझ्यासाठी, एक पालकांसाठी. शनिवारच्या पालकसभेआधी सही करून आणायची. नाही आणली तर वर्षभर लॅब बंद. आमच्या घरी कॉम्प्युटर नाही. लॅब बंद म्हणजे माझ्यासाठी सगळंच बंद, हे बाईंना ठाऊक होतं आणि मलाही.

संध्याकाळी आईचा फोन घेऊन मी लिनक्सवाल्यांच्या मंचावर सगळं लिहिलं. आपल्या भाषेतला मंच आहे, म्हटलं माणसं मदत करतील. पहिल्याने मला झापलं, की कुठलं व्हर्जन ते आधी सांगायची पद्धत असते. दुसऱ्याने लिहिलं, मॅन वाच. प्रत्येक आज्ञेची माहिती मॅन लिहून उघडते हे खरं, पण ह्या लोकांत त्याचा अर्थ ‘डोकं खाऊ नकोस’ असा आहे. तिसऱ्याला विनोद सुचला. आता तुझं नाव वर गेलं, म्हणे, लिनक्सच्या चिन्हातला पेंग्विन घरी येऊन चोचीने टोचणार. त्याखाली एकवीस जण हसले. चौथ्याने विचारलं की मी एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचं सॉफ्टवेअर, कुठला वापरते. त्याचा इथे काय संबंध, हे देवालाच माहीत, पण त्यावरून दोन काका असे जुंपले की माझा प्रश्न चौतीस उत्तरांखाली गाडला गेला. कुणाचा एडिटर भारी. शाळेतली पोरं बरी.

मी लिहिलं, “काकालोक, तुमचं भांडण झालं असेल तर सांगा. इथे माझी लॅब जातेय.”

मग एक बाई आल्या. मंचावर त्यांना सगळे मावशी म्हणतात आणि त्या बोलायला लागल्या की काका गप्प बसतात. त्यांनी एकच विचारलं. “बाळा, तुमचे सर सर्व्हरवर लॉगिन करतात तेव्हा पडद्यावर काय काय येतं? अक्षरन् अक्षर लिही.”

ते मला पाठच होतं. पहिल्या बाकावर बसणाऱ्या सगळ्यांनाच पाठ आहे. आधी तारीख येते, मग कधी आला होतात ते येतं, मग एक ओळ: यू हॅव न्यू मेल. एकदा आम्ही सरांना विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले की मशीन आपल्याला नमस्कार करतं.

मावशींनी आधी हसण्याचं चित्र पाठवलं. मग दुसरा निरोप आला, त्यात हसणं नव्हतं. “नमस्कार नाही गं, टपाल आहे ते. मशीन जे काही कळवतं ते तिथे पडतं. सही करायच्या आधी ते उघडून बघा म्हणावं.”

शुक्रवारी पहिल्या घंटेआधी मी बाईंच्या दारात. म्हटलं, सही करायला सांगताय तर माझा गुन्हा जिथे कळवला गेलाय ती जागा मला बघायचीय. बाईंनी किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि लॅबकडे चालू लागल्या.

सर म्हणाले की ते त्यांचा मेल रोज फोनवर बघतात. मी म्हटलं, तो मेल नव्हे, हा. सर म्हणाले, ह्यात कुठे मेल असतो.

“उघडा की,” बाई म्हणाल्या. “कुणाचं टपाल आहे ते बघू तरी.”

मी सांगितली तशी सरांनी चार अक्षरं टाइप केली, mail. पडदाभर यादी आली. दोनशे चौदा पत्रं, त्यातलं एकही उघडलेलं नव्हतं. मी शेवटचं उघडायला सांगितलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी होतं, कारण त्या काळ्या पडद्याला आपली लिपी दाखवता येत नाही. ‘सर, डिस्क नव्व्याण्णव टक्के भरली आहे. जुन्या बॅचची फोल्डरं काढा. नाहीतर नवीन फाइल्स कोऱ्या सेव्ह होतील.’

सात वर्षांपूर्वी इथून पास होऊन गेलेल्या एका ताईने हा सर्व्हर मांडून दिला होता. डिस्क सत्तर टक्क्यांवर गेली की रोज पहाटे सरांना पत्र जावं, अशी सोय तिने करून ठेवली होती. एकाहत्तर, चौऱ्याहत्तर, ब्याऐंशी. दोनशे चौदा दिवस ते बिचारं मशीन सर, सर म्हणून हाका मारत होतं आणि सर त्याचा नमस्कार स्वीकारून खुर्चीत बसत होते.

शेवटचं पत्र मंगळवार पहाटेचं. त्यानंतर काही नाही. त्याच दुपारी आमचे प्रकल्प कोरे झाले, आणि मी सुडो लिहिलं ते बुधवारी. त्या यादीत माझं नावच नव्हतं. माझा गुन्हा कळवायलाही डिस्कवर जागा उरली नव्हती.

सरांनी रुमाल काढून कीबोर्ड पुसला. मी वाट बघत होते, की बाई आता ते माफीचं पत्र फाडतील. मशीनचं शेवटचं पत्र मी माझ्या वहीत उतरवून घेईपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, “तुझी चूक नव्हती, कळलं मला. पण ते माफीचं पत्र जावक रजिस्टरला चढलंय. सही करून टाक म्हणजे विषय संपेल. फायलीला लागेल, बास. कोण वाचतंय ते.”

माझं डोकं असं फिरलं की परत जागेवर यायला घरापर्यंतचा रस्ता पुरला नाही.

आई पडदे शिवून देते. ती मशीनवर होती, सुई न थांबवता तिने सगळं ऐकलं. तिचं म्हणणं, एका सहीने काय झिजतेस, बाईंनी तोंडाने कबूल केलं ना, मग लॅब वाचव आणि मोकळी हो. बाबा हात धुऊन आले. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांच्या हाताचं वंगण कधी पुरतं जात नाही. तेही म्हणाले, शाळेशी वाकडं कशाला घ्यायचं, मी दिवसाला वीस कागदांवर सह्या करतो. पेन कुठाय, म्हणाले.

मी विचारलं, “दोर न बघता करता का, बाबा?”

“कसला दोर?”

“लिफ्टचा. दोर तपासला असं कागदावर असतं ना. वर न चढता सही करता?”

बाबांनी पेन शोधणं थांबवलं. वर न चढता सही करणाऱ्या एका जोडीदाराशी त्यांनी बोलणं टाकलंय, हे घरात सगळ्यांना माहितीय. आईची मशीन थांबली. म्हणाली, बापाला असं बोलतात का. पण तिच्याही आवाजात जोर नव्हता. तिने ते पत्र हातात घेतलं आणि पहिल्यांदाच पूर्ण वाचलं. ‘नष्ट झाल्या’ ह्या शब्दांवर तिचं बोट थांबलं.

“हे तू केलेलं नाहीस,” ती म्हणाली.

“नाही.”

“मग हे असं छापलंच कसं?”

मला रडू येत होतं, रागाचं. ते मी गिळलं आणि दोघांसमोर उभी राहिले.

“आई, बाबा, मी सही करणार नाही. उद्या पालकसभेत उभी राहून फाइल्स का गेल्या ते सांगणार आहे, मशीनचं ते पत्र वहीतून वाचून दाखवणार आहे. सर समोर बसलेले असतील, माहितीय मला. वर्षभर लॅब बंद केली तर करू देत. तुम्ही आलात तर बरं वाटेल. नाही आलात तरी मी जाणार आहे.”